सॅन्टनच्या घराचा समेट

२३ फेब्रुवारी १९८६, रविवार

मिस्सा संपल्यावर फादर ॲन्सेल्मनी मला थांबवून घेतले. पतपेढीने गावातल्या दोन घरांना जप्तीच्या नोटिसा काढल्या आहेत. लिलाव झाला तर माणसे उघड्यावर येतील आणि पतपेढीच्याही हाती धड काही लागणार नाही. म्हणून लिलावाआधी दोन्ही बाजूंना चर्चच्या हॉलमध्ये एका टेबलाशी बसवायचे आणि मार्ग काढायचा, असे त्यांच्या मनात आहे. मध्यस्थ म्हणून मी आणि भाजीवाडीवाला गंगाराम. "गुरुजी, तुमच्या शब्दाला दोन्हीकडे मान आहे," म्हणाले.

शाळेतून निवृत्त होऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत मला कोणी कशाला बोलावले नव्हते. हो म्हणून टाकले. मग त्यांनी दोन नावे सांगितली. पहिले यशोदाचे, ती गंगारामच्या वाडीपलीकडे राहते. दुसरे सॅन्टनचे.

घरी येऊन हिल्डाला सांगितले. ती मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "मला नाताळापासून ठाऊक आहे. सॅन्टनच्या फ्लॉसीनं सांगितलं. तुम्हाला कळू देऊ नको म्हणाली, त्याला लाज वाटते."

सॅन्टन आणि मी पहिलीत एका पाटावर बसलो. रोज संध्याकाळी बावखलाच्या पाळीवर, तळ्याकाठी, तासभर बसून असतो. दोन महिने तो माझ्याशेजारी बसून पाण्यात खडे टाकत होता आणि खिशात नोटीस होती. याचे मला दिवसभर वाईट वाटत राहिले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सॅन्टनकडे गेलो. आमच्या भागात सागवानी काम करावे तर सॅन्टनने, असे होते. चार वर्षांपूर्वी त्याने घर गहाण टाकून लाकूड कापायचे यंत्र आणले. वर्षभर चांगले चालले. मग त्याच यंत्राने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे नेली. यंत्र विकले, कारागीर गेले, हप्ते थांबले.

फ्लॉसीने चहा आणला. तिला जुना दमा आहे, पण आज चेहरा बरा दिसला. शेवटी मीच विषय काढला की समिती नेमली आहे आणि मी मध्यस्थ आहे.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "मला तिथं बोलता येत नाही. कागद दाखवले की माझं डोकं बंद होतं. तू माझ्या बाजूनं बोल."

मी त्याला समजावले की मध्यस्थाने कोणाच्याच बाजूने बोलायचे नसते. तसे केले तर पतपेढी टेबलाशी येणारच नाही. दोघांचे ऐकायचे आणि दोघांना पटेल ते काढायचे.

त्याने कप खाली ठेवला. "असं होय," म्हणाला. "बरं."

त्याला पटले. सॅन्टन पहिल्यापासून समजूतदार.

९ मार्च, रविवार

यशोदाचा समेट झाला. दोन तासांत. तिचा मुलगा नोकरीला लागला आहे, तो दरमहा हप्ता भरेल आणि पतपेढी दंड सोडेल. यशोदाने घरी जाऊन आळूची पाने, वांगी आणि एक केळफूल आणून दिले. गंगाराम म्हणाला, "गुरुजी, तुमचा आवाजच असा आहे की माणूस भांडायचं विसरतं." घरी येताना पाय जमिनीवर नव्हते, हे इथे लिहायला हरकत नाही.

१६ मार्च, रविवार

आज सॅन्टनची बैठक. टेबलाच्या एका बाजूला पतपेढीचे व्यवस्थापक विठ्ठलराव, समोर सॅन्टन आणि फ्लॉसी, टोकाला मी आणि गंगाराम. सॅन्टनने लग्नाबिग्नाला घालायचा कोट घातला होता. उजवा हात खिशात.

मी ठरवून शुद्ध भाषेत बोललो. सॅन्टनशी मी आयुष्यात घरच्या बोलीशिवाय बोललेलो नाही, पण विठ्ठलरावांना परके वाटू नये हे पाहायला हवे. एकदा फ्लॉसी हळूच म्हणाली, "गुरुजी काय म्हणतात?" आणि सॅन्टनने तिला आमच्या बोलीत सांगितले. थोडे विचित्र वाटले.

विठ्ठलराव माणूस वाईट नाही. व्याज बरेच सोडायला तयार झाले. मुद्दल मात्र हवेच, आणि सॅन्टनकडे उत्पन्न नाही. मुलगी लूर्डस दहिसरला दिलेली, जावई बेताचा.

मध्येच सॅन्टन म्हणाला, "कर्ज देताना विम्याचे म्हणून पैसे कापले होते. हात गेला त्याचा विमा."

विठ्ठलराव कागद चाळू लागले. त्या वेळी व्यवस्थापक दुसरे होते, फाइल शोधावी लागेल, म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. वातावरण बिघडेल असे मला वाटले. इतक्या कष्टाने गोडीत आणलेली बैठक. मी म्हटले, "सॅन्टन, जुने उकरून काढण्यात अर्थ नाही. आपण पुढचे पाहू."

गंगाराम काहीतरी बोलणार होता, मग बोलला नाही. सॅन्टनने मान हलवली. गाडी पुन्हा रुळावर आली. बैठक सांभाळणे म्हणजे काय ते आज मला कळले.

३० मार्च, पुनरुत्थानाचा सण

मार्ग सापडला. सॅन्टनचे घर रस्त्याला लागून आहे. पुढची पडवी, बैठकीची खोली आणि अंगण एवढा भाग विकला तर कर्ज फिटते आणि मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, विहीर हे सारे सॅन्टनकडे राहते. गिऱ्हाईकही विठ्ठलरावांनीच आणले, नालासोपाऱ्याचा एक व्यापारी आहे. त्याला दुकान काढायचे आहे. घर वाचते, पतपेढीचे पैसे वाचतात, रस्त्यावर दुकान येते.

सणाच्या जेवणानंतर सॅन्टनला जाऊन सांगितले. तो म्हणाला, "अर्धं घर."

मी म्हटले, "सगळं जाण्यापेक्षा अर्धं राहिलेलं काय वाईट?"

फ्लॉसी दारात उभी होती. तिने विचारले, "मग आम्ही घरात शिरायचं कुठून?" मी म्हटले, मागून दार काढता येईल, सॅन्टन सुतारच आहे. यावर दोघेही काही बोलले नाहीत. मला तर वाटते, भार उतरल्यावर माणसे अशीच गप्प होतात.

१३ एप्रिल, रविवार

समेटाचा कागद झाला. मसुदा मीच लिहिला, अक्षर चांगले म्हणून. शेवटी विठ्ठलरावांनी एक वाक्य सांगितले, ते घातले: 'कर्जदाराची पतपेढीविरुद्ध यापुढे कोणतीही तक्रार अथवा मागणी उरलेली नाही.' समेट म्हटला की असे वाक्य हवेच. सॅन्टनने डाव्या हाताने सही केली, पहिलीतल्या पोरासारखी, एकेक अक्षर जोडत.

मिस्साच्या शेवटी फादरनी वेदीवरून सांगितले की गावातली दोन्ही घरे वाचली, यशोदाबाईंचे आणि आपल्या सॅन्टनचे, आणि त्यासाठी युजीन गुरुजींचे आभार मानू या. सगळे वळून माझ्याकडे पाहू लागले. सॅन्टनकडेही पाहत होते. आशीर्वादाच्या आधीच तो आणि फ्लॉसी बाहेर पडले. काही काम असेल.

१४ मे, बुधवार

भिंत उभी राहिली. घराच्या मधोमध, बैठकीच्या खोलीच्या दाराला लागून. व्यापाऱ्याने काम पक्के केले आहे. सॅन्टनने घडवलेले पुढचे दार, ज्याच्या चौकटीवर द्राक्षाचा वेल कोरला होता, ते त्यांच्याकडे गेले. दुकानाला लोखंडी शटर बसणार, म्हणून त्यांनी ते काढून बाजूला ठेवले आहे. सॅन्टनला म्हटले, त्यांच्याकडून मागून घे, मागच्या बाजूला बसव.

"तिथं बसत नाही," तो म्हणाला. "मोठं आहे."

गेले पंधरा दिवस तो संध्याकाळी बावखलावर आला नाही. उन्हाळा फार आहे.

३ जून, मंगळवार

दुकान सुरू झाले. सिमेंट आणि सळ्या. नालासोपाऱ्याला इमारती उठताहेत, माल दिवसभर येतो-जातो. आमच्या गावातून कधी इतके ट्रक गेले नव्हते. सॅन्टनच्या पुढच्या पडवीत आता छतापर्यंत पोती आहेत. मालकाशी बोललो, गृहस्थ नम्र आहे. त्याने मला खुर्ची दिली.

तसाच मागे गेलो. फ्लॉसी दारे-खिडक्या बंद करून बसली होती. भांडी कापडाने झाकलेली. खोकत होती. मी म्हटले, पावसाळी हवा आहे, अडुळशाचा काढा घे. ती म्हणाली, "घेते, गुरुजी."

सॅन्टन नव्हता. कामणला गेला होता, गोदामावर पहारेकऱ्याची जागा आहे का विचारायला. इतका कसबी माणूस पहाऱ्यावर बसणार हे मनाला लागले.

२९ जून, रविवार

मिस्साला सॅन्टन माझ्या पुढच्या बाकावर होता. शांतीचे चिन्ह देताना त्याने आजूबाजूच्या सगळ्यांशी हात मिळवला. मी हात पुढे केला तेव्हा तो दुसरीकडे वळला होता. बहुतेक दिसले नसेल.

हिल्डाला सांगितले. ती म्हणाली, "दिसलं असेल."

२० जुलै, रविवार

फ्लॉसीची तब्येत उतरली आहे. हिल्डा रोज पेज घेऊन जाते. काल येऊन म्हणाली, "तिथं उशीवर हात फिरवला तर हात राखाडी होतो. तुम्ही एकदा आत जाऊन बसा, पाच मिनिटं."

मी दुकानदाराकडे गेलो. पोती दुसरीकडे हलवता येतील का विचारले. त्याने माझे नीट ऐकून घेतले. म्हणाला, "गुरुजी, जागा मी दुकानासाठीच घेतली, तुमच्यासमोर. कागदात तसं लिहिलंय." लिहिले आहे, खरे. माझ्याच अक्षरात. मध्ये ताडपत्री लावतो म्हणाला. लावली तर बरे.

१७ ऑगस्ट, रविवार

फ्लॉसीला इस्पितळात ठेवले. ताडपत्री लावली होती. दोन दिवसांत वाऱ्याने फाटली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

गंगाराम आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याचा भाचा पतपेढीत कारकून आहे.

"गुरुजी, सॅन्टनची फाइल सापडली. विमा होता. कारागिराच्या अपघाताचा. पैसे कापले होते, पावतीपण आहे. सॅन्टननं अपघातानंतर अर्ज दिला होता, तोही फाइलीत आहे. यांनी पुढं पाठवलाच नाही."

मी विचारले, आता पाठवता येईल का.

"मुदत गेली. पण पतपेढीची चूक होती ना. त्या दिवशी टेबलाशी जोर धरला असता तर ते घाबरले असते. निम्मं कर्ज तरी सोडलं असतं. मागाहून वकील लावता आला असता. आता तो कागद आहे." मग म्हणाला, "मी बोलणार होतो. तुम्ही बोललात म्हणून थांबलो. माझंही चुकलं."

तो गेल्यावर मी कागदाची प्रत काढली. 'यापुढे कोणतीही तक्रार अथवा मागणी उरलेली नाही.' अक्षर सुरेख आहे. रेषेवर, एकसारखे. तीस वर्षे मुलांना असेच लिहायला शिकवले.



२८ ऑगस्ट, गुरुवार

विठ्ठलरावांकडे गेलो. त्यांनी नाकारले नाही. म्हणाले, "मी त्या वेळी नव्हतो, पण चूक संस्थेची आहे. त्या दिवशी तुम्ही विषय पुढं नेला असता तर मला संचालकांपुढं मांडावा लागला असता. तुम्हीच म्हणालात, जुनं उकरू नका. मला सुटल्यासारखं झालं, हे खोटं कशाला सांगू."

सॅन्टनला कसे सांगायचे ते ठरवत तीनदा इस्पितळाच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी फ्लॉसी गेली.

६ सप्टेंबर, शनिवार

काल दफन झाले. पेटी सॅन्टनने स्वतः केली. डाव्या हाताने रंधा मारत होता आणि जावई फळी धरून होता. मी जवळ जाऊन म्हटले, मी धरतो. तो म्हणाला, "धरलीय त्यानं."

डॉक्टरांना मी बाजूला घेऊन विचारले, सिमेंटमुळे का. ते म्हणाले, दमा जुना होता, नक्की असे सांगता येत नाही, पण त्या घरात ठेवायला नको होते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज सांगितले. सॅन्टन मागच्या दाराशी पायरीवर बसला होता. मी खाली त्याच्याजवळ बसलो आणि विम्याचे सगळे सांगून टाकले. फाइल, अर्ज, पावती, मुदत. आमच्या बोलीत सांगितले.

त्याने शेवटपर्यंत ऐकले. "मला ठाऊक होतं," म्हणाला. "अर्ज मीच दिला होता. विम्याचं तुला टेबलाशी सांगितलं."

"मग धरून का नाही राहिलास?"

"तू होतास ना." तो विहिरीकडे पाहत होता. "मला कागदातलं कळत नाही, तुला कळतं. तू म्हणालास, अर्थ नाही. मी म्हटलं, युजीन सांगतो म्हणजे नसेलच अर्थ."

मला वाटले तो रागावेल. मी त्यासाठीच गेलो होतो. म्हटले, "सॅन्टन, काहीतरी बोल. शिव्या दे."

"फ्लॉसी म्हणायची, गुरुजींना दोष देऊ नका, त्यांनी मनापासून केलं," तो म्हणाला. "शेवटपर्यंत तेच म्हणत होती."

मग उठून आत गेला. दार ओढून घेतले, धूळ येते म्हणून. मी पायरीवर बराच वेळ बसून होतो. पलीकडे पोती उतरवायचा आवाज येत होता.

४ ऑक्टोबर, शनिवार

फ्लॉसीची महिन्याची मिस्सा. नंतर फादरनी सांगितले की आणखी चार घरांची प्रकरणे आली आहेत. मी नाही म्हटले, आणि का नाही तेही सांगितले. ते म्हणाले, वेदीवरून मी तुमचे आभार मानले, मी तरी कुठे सॅन्टनला विचारले होते.

समिती गंगाराम चालवणार आहे. त्याने एकच अट घातली आहे, आधी जुनी फाइल पाहायची, मग टेबलाशी बसायचे.

१९ ऑक्टोबर, रविवार

सॅन्टन आमच्याकडे आला. एप्रिलनंतर पहिल्यांदा. हिल्डाची तारांबळ उडाली, तिने बशीत केक ठेवला. मला इतके बरे वाटले की मी एकसारखा बोलत सुटलो, पाऊस, भात, कोणाची लग्ने.

माझे संपल्यावर तो म्हणाला, "मागच्या खोल्यापण विकायच्या आहेत. त्या दुकानवाल्यालाच. लूर्डस म्हणते, दहिसरला ये. तू बोलशील त्याच्याशी?"

मी म्हटले, "मी?"

"तुला सगळे कागद ठाऊक आहेत. दुसऱ्या कोणाला पहिल्यापासून सांगत बसू?"

मी त्याला थांबवायचा प्रयत्न केला. आमच्याकडे ये, म्हटले, माडीवरची खोली रिकामी आहे. हिल्डाही म्हणाली. तो ऐकून घेत होता, आणि मी कितीही बोललो तरी त्याला ते पाहुण्याच्या बोलण्यासारखे वाटते आहे हे मला दिसत होते. केकला हात लावला नाही.

मी हो म्हटले.

२६ ऑक्टोबर, रविवार

दुकानदाराशी बोललो. या वेळी मी मध्ये बसलो नाही. त्याने सांगितलेल्या भावाला चार वेळा नाही म्हटले, उठून चालायला लागलो, आवाज चढवला. त्याने अखेर वाढवून दिले, आणि ते द्राक्षवेलाचे दारही परत द्यायचे कबूल केले. मला वाटायचे मला भांडता येत नाही. येते, असे दिसले.

सॅन्टनला सांगितले. पैशांचे ऐकून त्याने मान हलवली. दाराचे म्हणाला, "लूर्डसची खोली लहान आहे. कुठं लावू? राहू दे."

१० नोव्हेंबर, सोमवार

वसईला रजिस्टर कचेरीत व्यवहार झाला. सॅन्टन, लूर्डस, दुकानदार आणि साक्षीदार म्हणून मी. सॅन्टनचे सामान सकाळीच टेम्पोने गेले होते. त्याच्याकडे फक्त एक पिशवी होती, तिच्यात रंधा आणि दोन पटाशा.

कचेरीत गर्दी होती. भिंतीलगत एकच बाक, त्यावर सॅन्टनला कशीबशी जागा मिळाली. मी समोर उभा. माझे गुडघे दुखतात हे त्याला माहीत आहे. लूर्डस टेबलापाशी होती. सगळे मिळून तासभर गेला असेल. त्या तासात मी मनात एक वाक्य तयार करत होतो, आमच्या बोलीतले, लहानपणी भांडण झाले की मिटवताना म्हणायचो तसे. नाव पुकारले की जाईल, मग वेळ मिळणार नाही, म्हणून मी तोंड उघडले.

तेवढ्यात तो उठला. पिशवी काखेत घेतली, बाकावरची धूळ डाव्या हाताने पुसली आणि शुद्ध भाषेत म्हणाला, "गुरुजी, तुम्ही बसा."

सगळा गाव मला गुरुजी म्हणतो. सॅन्टनने आजपर्यंत कधी म्हटले नव्हते. इन्स्पेक्टर शाळेत आले होते तेव्हा त्यांच्यासमोरदेखील तो दारातून 'ए युजीन' म्हणूनच ओरडला होता.

मी बसलो. तो उभा राहिला. मग नाव पुकारले, सह्या झाल्या, अंगठे झाले, आणि लूर्डस त्याला घेऊन स्टेशनच्या रस्त्याला लागली. वळणावर लूर्डसने हात हलवला.

घरी आलो तेव्हा हिल्डाने विचारले, "सॅन्टन काही बोलला का?"

म्हटले, "मला बसायला जागा दिली."

"चला," ती म्हणाली, "म्हणजे राग गेला."

मी हो म्हटले.